नंबर मिळाल्याशिवाय पोहे नाहीत

जयपूरला जवाहर नगरमध्ये ज्यांच्या घराची वरची खोली घेऊन मी राहत होते, त्या काकांनी पहिल्या दिवशी मला एकच प्रश्न विचारला. नोकरी कुठे, घरी कोण कोण, रात्री किती वाजता येणार, असलं काही नाही. माझ्या हातात दोन बॅगा, अंगावर नगरपासूनच्या प्रवासाची धूळ, आणि हे गृहस्थ दारात आडवे उभे राहून विचारतात, "आज सकाळी शास्त्रातलं काय वाचलंस?"

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती लोक बायबलला शास्त्र म्हणतो. आणि मी काही अशीतशी ख्रिस्ती नव्हते. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाची चिटणीस होते. शास्त्राच्या प्रश्नमंजूषेत तीन वेळा पहिली आलेली. 'वर्षभरात संपूर्ण शास्त्र' असा एक तक्ता आम्हाला छापून दिलेला होता, रोजच्या अध्यायांपुढे चौकट आणि चौकटीत बरोबरची खूण करायची. त्या तक्त्यात मी अकरा दिवस पुढे होते. तेव्हा मान ताठ करून मी म्हणाले, "सहा अध्याय."

"वा," काका म्हणाले. "काय होतं त्यात?"

मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. सहा अध्याय गाडीत दात घासायच्या आधी उरकलेले. बहुतेक एक लढाई होती, असं मी म्हणाले. कुणाची, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, आपल्याच लोकांची असणार. मग त्यांनी बाजूला होऊन माझी एक बॅग उचलली आणि म्हणाले, तू वाचलं नाहीस पोरी, तू पानांना वारा घातलास. चहा घे.

मला असा काही राग आला होता की सांगता सोय नाही. पण बाहेर जयपूरचा मे महिना होता आणि आत कूलर चालू होता. मुकाट्यानं आत गेले.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले स्टेशनमास्तर. मूळ आमच्याच नगर जिल्ह्यातले, पण सगळी नोकरी जयपूरच्या आसपासच्या बारक्या बारक्या स्टेशनांवर गेली, जिथं एका गाडीतून दोन माणसं आणि एक बकरी उतरायची. काकू वारल्या होत्या. काकांची सत्तरी उलटलेली, अंगकाठी शिडशिडीत, घरात कायम बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. त्यांचं शास्त्र देवघरासारख्या कुठल्या कोपऱ्यात नसायचं, स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी असायचं. पानांना हळद लागलेली. शास्त्रात प्रेषितांची पत्रं आहेत, त्यांतल्या एकाच्या मध्यावर तेलाचा डाग होता, त्याला ते 'भजी पत्र' म्हणत. आमच्या घरी शास्त्रावर दुसरं पुस्तक ठेवलं तरी मम्मी ओरडायची, त्यामुळे हे सगळं पाहून मला घाम फुटायचा. एकदा मी धीर करून म्हणाले, काका, निदान कव्हर तरी घाला. तर म्हणाले, वापरातल्या वस्तूला कव्हर कशाला?

शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे तरुणांची बैठक असायची. बैठक म्हणजे आम्ही तिघं. मी, मुरलीपुऱ्याची सुषमा, जिचे पप्पा रेल्वेत बदलून आले आणि कायमचे इथलेच झाले, आणि मिलिंद. सुषमाचं मराठी अर्धं हिंदी होतं. ती देवनागरी शाळेतल्या हिंदीच्या जोरावर वाचायची, त्यामुळे मराठी शास्त्र वाचताना ती प्रत्येक वाक्याला गेट बंद असल्यासारखी थांबायची. मिलिंद तर ख्रिस्तीच नव्हता. रेल्वे क्वार्टरमधल्या बौद्ध घरातला, रेल्वेच्या परीक्षांचा अभ्यास करणारा. काकांकडे सिग्नलविषयी शंका विचारायला म्हणून आला आणि पोह्यांना लागला. काका पोहे फार सुंदर करायचे. भरपूर शेंगदाणे, वरून लिंबू. सुषमा त्यावर बिकानेरी शेव टाकायची आणि काका तोंड फिरवायचे.

पण हे पोहे फुकट नव्हते. आधी नंबर मिळवावा लागायचा.

ही नंबराची भानगड सांगायला हवी. जुन्या पद्धतीत एका स्टेशनचा मास्तर पुढच्या स्टेशनच्या मास्तरला फोन करून विचारायचा, गाडी सोडू का. निरोप ऐकणाऱ्यानं तो शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवायचा. आपलं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. आणि मग आपल्याजवळच्या कागदावरचा एक गुप्त आकडा द्यायचा. तो आकडा लिहून घेतला की गाडी हलणार, तोवर नाही. काकांनी चाळीस वर्षं हे केलं आणि निवृत्त झाल्यावर तीच पद्धत शास्त्राला लावली. आमच्यातल्या एकानं दहाबारा ओळी वाचायच्या. दुसऱ्यानं पुस्तक न बघता सांगायचं, काय ऐकलं. बरोबर सांगितलं तर काका कानावर हात ठेवून, फोनवर बोलल्यासारखं गंभीरपणे म्हणायचे, "सत्तेचाळीस." मग पोहे. चुकलं तर पुन्हा वाचन.

तुम्हाला वाटेल, सोपं आहे. मलाही वाटलं होतं. प्रश्नमंजूषेतली तीनदा पहिली मी, पहिल्या शनिवारी वादळातल्या नावेची गोष्ट सांगायला उभी राहिले आणि अशी रंगवली की काय विचारता. विजा काय, शिष्यांचं रडणं काय, आभाळातून आलेला प्रकाश काय. काकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, विजा कुठल्या ओळीत आहेत? मी पाहिलं. नव्हत्या. प्रकाश? तोही नव्हता. तो माझ्या संडे स्कूलच्या चित्रातला होता. "आणि उशी विसरलीस," मिलिंद मागून म्हणाला. "प्रभू झोपलेत तिथं उशी आहे." उशी खरंच होती. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेल्या गोष्टीत उशी आहे हे मला बाविसाव्या वर्षी एका बौद्ध मुलानं सांगितलं. त्याला नंबर मिळाला, छप्पन्न. मी त्याच्या पोह्यांकडे बघत बसले.

आणि हे दर शनिवारी व्हायला लागलं. ख्रिस्ती आम्ही, नंबर मिलिंदला. सुषमा एकदा वैतागून म्हणाली, काका, ये तो हद हो गई, ह्याला तर काहीच येत नाही. काका म्हणाले, म्हणूनच तो वाचतो. तुम्हाला गोष्ट येते, म्हणून तुम्ही ती गोष्टच बघता, पान बघत नाही.

'म्हणजे' या शब्दाला बैठकीत बंदी होती. वाचलेलं सांगताना कुणी 'म्हणजे देवाला असं म्हणायचंय' असं सुरू केलं की काका हात वर करायचे. आधी काय लिहिलंय ते, मग काय म्हणायचंय ते. आणि पहिलं झाल्याशिवाय दुसरं नाही. सुषमानं त्यावर 'मतलब' वापरून बघितलं. दोन शनिवार ते खपलं, तिसऱ्या शनिवारी त्यावरही बंदी आली.

शास्त्रातल्या नावांच्या लांबलचक याद्या, अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा फलाणा, ज्या सगळं जग उड्या मारून ओलांडतं, त्या काकांच्या सर्वांत लाडक्या. उभं राहून, एका लयीत, एकेका नावाला थोडा वेग कमी करून ते वाचायचे. मी म्हणाले, काका, काय अर्थ आहे याला, कोण होते हे लोक? ते म्हणाले, बारक्या स्टेशनावर पण कुणाचं तरी घर असतं. मग त्यांनी तीच यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि आम्ही तिघं हसून हसून सतरंजीवर लोळलो. तेही हसले, पण एक नाव सोडलं नाही.

सुषमाच्या पप्पांनी त्यांचा एक किस्सा सांगितला होता. काका चाकसूच्या बाजूच्या एका स्टेशनावर होते. शीतलामातेच्या मेळ्याचा दिवस, गाडी माणसांनी फुटायला आलेली. पुढं कुठं गाडी हळू चालवायची याचा कागद ड्रायव्हरला द्यायचा असतो आणि त्यानं वाचून सही करायची असते. ड्रायव्हरनं न वाचता सही ठोकली. काका म्हणाले, वाचून दाखवा. तो म्हणाला, मास्तरजी, रोज का ही तो है. काका हिरवा झेंडा काखेत मारून उभे राहिले. डब्यांतून लोक ओरडताहेत, बायका मातेच्या नैवेद्याचं आदल्या दिवशी रांधलेलं थंड जेवण डोक्यावर घेऊन खिडकीतून शिव्या घालताहेत, आणि शेवटी तो ड्रायव्हर इंजिनाच्या दारात उभा राहून सगळ्या मेळ्यादेखत कागद मोठ्यानं वाचतोय. काकांनी त्याच्याकडून तो परत म्हणूनही घेतला. त्या कागदात नेहमीपेक्षा वेगळं काही नव्हतं. मी काकांना विचारलं, मग मिळालं काय? ते म्हणाले, नव्हतं हे त्याला वाचल्यावरच कळलं ना.

तर अशा माणसाच्या घरात राहून मी जो काही पराक्रम केला, तो आता सांगते. सांगताना अजूनही कान गरम होतात.

दुसऱ्या वर्षी माझ्यासाठी स्थळ आलं. आमच्याच मंडळीच्या पाळकसाहेबांचा, म्हणजे पाद्रींचा मुलगा, पाळक व्हायचं शिक्षण घेत होता. गोरा, गोड आवाजाचा, गिटार वाजवणारा. आईबाप म्हणजे हरखून गेलेले. लग्न झालं की नोकरी सोडून नगरला यायचं, हे कुणी बोललं नव्हतं पण धरलेलं होतं. मला इकडे ऑफिसात नुकतंच चार जणांच्या टीमचं काम मिळालेलं, आणि ते मला जाम आवडत होतं. हो म्हणवत नव्हतं, नको म्हणायची छाती नव्हती. पाळकांच्या घरी नको कळवायचं म्हणजे पप्पांनी दर रविवारी त्यांच्यासमोर बसायचं कसं? मला कुणीतरी माझ्या वतीनं ठरवून हवं होतं, आणि त्यासाठी देवापेक्षा सोयीचं कोण?

आमच्या तरुण संघात एक पद्धत होती, बोट ठेवायची. प्रार्थना करायची, डोळे मिटायचे, शास्त्र कुठंही उघडायचं आणि बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ते उत्तर. मी खोलीचं दार लावून घेतलं, गुडघे टेकले आणि बोट ठेवलं. उजव्या रकान्याच्या अगदी तळाशी पडलं. एकाला बरोबर घेऊन ऊठ आणि जा, अशा अर्थाचं तिथं सांगितलेलं. एकाला बरोबर घे. जा. याहून स्पष्ट देवानं काय सांगायचं, लग्नाची तारीख? मी त्या ओळीखाली लाल पेन्सिल मारली, पुस्तक मिटलं आणि पप्पांना फोन केला. पप्पा रडलेच. तो रविवार होता. संध्याकाळच्या उपासनेत पप्पांनी उभं राहून साक्ष दिली, की माझ्या लेकीशी देव बोलला. सगळी मंडळी आमेन म्हणाली. पक्कं उत्तर घेऊन पुढच्या रविवारी पाळकसाहेबांकडे जायचं ठरलं.

शनिवारी मी बैठकीत सांगितलं, की काका, दोन महिन्यांनी खोली सोडतेय. सगळी हकिकत सांगितली, बोटासकट. सुषमाच्या डोळ्यांत पाणी. काकांनी मला वरून माझं शास्त्र आणायला लावलं. मग म्हणाले, वाच.

मी वाचलं. मिलिंदनं परत म्हणायचं होतं. त्यानं म्हटलं आणि नेहमीसारखी शंका काढली, की दीदी, कुठं जायला सांगितलंय? कशासाठी? मी म्हणाले, ते आपण समजून घ्यायचं असतं. तो पुस्तक पुढ्यात ओढून म्हणाला, पण इथं पूर्णविराम नाहीये. आणि त्यानं पान उलटलं. देवाची सेवा करायला निघालेल्या मला ते पान उलटायचं सुचलं नव्हतं. त्यानं दोन ओळी मनात वाचल्या, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं.

"दीदी," तो फार हळू म्हणाला, "इथं गाढवं आहेत."

होती. एका माणसाची गाढवं हरवली होती आणि तो आपल्या मुलाला सांगत होता, की घरच्या एका गड्याला बरोबर घे आणि ती शोधून आण. बस. सुषमाच्या नाकात चहा गेला. मिलिंद हसू दाबायला कूलरमध्ये तोंड घालून बसला. सुषमा ठसका आवरून मला धीर द्यायला लागली, की अगं, पण तोच मुलगा गाढवं शोधायला गेला आणि राजा झाला ना. "झाला," काका म्हणाले. "पुढं वाच, राजा झाल्यावर त्याचं डोकं कसं फिरलं ते." त्यावर तर मिलिंद उठून बाहेरच गेला.

मी हसत हसत रडायला लागले, आणि मग नुसतीच रडायला लागले. म्हणाले, काका, मग देवाला विचारायचं तरी कसं? उद्या उत्तर द्यायचंय.

"विचार की," ते म्हणाले. "पण तो बोलत असताना त्याच्या तोंडातलं अर्धं वाक्य काढून पळू नकोस. तुझ्याशी कुणी असं केलं तर तू बोलशील पुन्हा त्याच्याशी?"

मग त्यांनी काकूंविषयी सांगितलं. काकूंनी एकदाच म्हटलं होतं, की बदली मागू या, नगरला माझ्या बहिणीजवळ राहू या. काकांनी त्यांना शास्त्रातली एक ओळ ऐकवली, सेवेत राहण्याविषयीची. तीही अर्धीच. काकूंनी पुन्हा तो विषय काढला नाही. त्या गेल्यावर काकांनी ती ओळ पुढे वाचली, तेव्हा ती कशाविषयी होती ते कळलं. कशाविषयी होती, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. हात पुसून ते पोहे गरम करायला गेले. आतून त्यांनी विचारलं, तुझं म्हणणं त्या मुलाला माहीत आहे का? मी म्हणाले, एकदा सांगितलंय. त्यानं परत म्हणून दाखवलं का, ते म्हणाले.

रविवारी दुपारी मी काकांच्या हॉलमधल्या फोनवरून त्या मुलाला फोन लावला. काका समोर वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. मी सांगितलं, की लग्न झाल्यावरही मला ही नोकरी करायची आहे, आणि अजून दोन वर्षं जयपुरातच राहायचं आहे. आता मी काय म्हणाले ते जरा परत सांगशील? तो हसला. गोड हसायचा. म्हणाला, तुला माझ्या सेवेत हातभार लावायचाय, कळलं मला. मी म्हणाले, नाही, आणि पुन्हा सगळं सांगितलं. तो म्हणाला, घर सांभाळून वेळ उरला तर तुला काहीतरी करायचंय. मी तिसऱ्यांदा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. तो म्हणाला, तुझं मन अस्वस्थ आहे, मी त्यासाठी प्रार्थना करीन. आवाजात खोट नव्हती. मुलगा वाईट नव्हता हो. पण त्याला माझ्या बोलण्यातली गोष्ट आधीच येत होती.

मी फोन ठेवला. काकांनी वर्तमानपत्राच्या आडून विचारलं, मिळाला का नंबर त्याला? मी नाही म्हणून मान हलवली. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं. मी पप्पांना फोन लावला.

पप्पा नवा सदरा घालून निघायच्याच तयारीत होते. मी एका दमात सांगून टाकलं, की मला हे लग्न नको. ते म्हणाले, "पण देव बोलला होता ना तुझ्याशी?"

"नाही पप्पा. ती गाढवांची गोष्ट होती." आणि मी त्यांना सगळं सांगितलं, पान उलटण्यापर्यंत.

पप्पा म्हणाले, आणि मी भर मंडळीत साक्ष दिली, सगळे आमेन म्हणाले. मी माफी मागणार होते, पण तिकडून खुसखुस ऐकू आली. पप्पा हसत होते. मंडळीत सगळ्यांत मोठ्यानं आमेन कोण म्हणालं ते आठवून हसत होते. मग एकदम थांबले.

"मग आता नको म्हणायला सांगितलं कुणी? देवानं सांगितलं का?"

तेव्हा मला सहज हो म्हणता आलं असतं. पप्पांनी एका शब्दानं वाद घातला नसता, पाळकसाहेबांनीही नाही.

"नाही पप्पा. मी सांगतेय."

मम्मी मागून काहीतरी विचारत होती, तिला त्यांनी थांब म्हटलं. मग त्यांनी विचारलं, पाळकसाहेबांना मी काय सांगू? मी म्हणाले, सांगा, माझी मुलगी नको म्हणते.

"माझी मुलगी नको म्हणते," पप्पांनी एकदा हळू म्हणून बघितलं. मग जरा मोठ्यानं म्हटलं. आणि चपला घालतो, म्हणाले.